बांधावरच्या खुंट्या

तलासरीजवळ हमरस्ता सोडून पूर्वेला बैलगाडीच्या वाटेने आत गेलं की एक पाडा लागे. पाड्याच्या खालच्या अंगाला, एका भातशेताच्या बांधालगत, जमिनीतून गुडघ्याइतका लोखंडी पाइप वर आलेला होता. त्याच्या तोंडातून करंगळीएवढी धार दिवसरात्र वाहत असे. पाइप मुंबईच्या एका खासगी कंपनीचा होता. कंपनी तिथे तांबं शोधत होती. बोअर घेतलं तेव्हा तांब्याऐवजी पाणी लागलं आणि मशीन पुढच्या जागी हलवलं गेलं. पाइप मात्र तसाच राहिला.

पाड्यातली सगळी घरं त्या पाण्यावर होती. त्याआधी बायका नदीवर जात. नदी लांब नव्हती, पण काठ खडा होता आणि उन्हाळ्यात पाणी डबक्यांत उतरलं की हंडा डोक्यावर घेऊन दगडांवरून चढावं लागे.

कंपनीचा परवाना संपत आला होता. तो पुढे घ्यायचा की जागा सोडायची, हे ठरवण्यासाठी आधीच्या सर्व मोजण्यांचा आणि बोअरांचा एकत्र आढावा मागवला होता. परवाना पुढे घेतला, तर नवी बोअर पाडणाऱ्या मशीनला पाणी पुरवावं लागणार, म्हणून पाइप राहणार. जागा सोडली, तर नियमाप्रमाणे सगळं सामान उचलायचं, पाइपसुद्धा. त्या काळी लोखंड परमिटवर मिळे आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब द्यावा लागे. ही गोष्ट पाड्यात सर्वांना माहीत होती. मला ती तिथे गेल्यावर समजली.

महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं नुकतीच वेगळी झाली होती. झाईच्या पुढे गुजरात सुरू होई आणि अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागे. मी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या टेबलावर काही वर्षं काढून बाहेर पडलो होतो. कंपनीकडे कागदांचा ढीग होता: पहिल्या मोजणीचा अहवाल इंग्रजीत, बोअरवरच्या फोरमनच्या डायऱ्या गुजरातीत, मजुरांची हजेरी मराठीत. ते वाचून, तारखा जुळवून, आढाव्याचा मजकूर सलग लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. दगडांतलं मला काही कळत नव्हतं. ते कळणारा एक भूगर्भतज्ज्ञ कंपनीने कलकत्त्याहून बोलावला होता. मी त्याच्या हाताखाली होतो.

साहेब पन्नाशीचे, बुटके, डोक्याला कायम सोला हॅट. मूळचे बंगाली, पण भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणींत उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे मराठी बोलत ती तिकडची. डहाणूच्या दुकानदारांना ती ऐकून हसू येई. साहेबांना ते कळे. ते बोलायचे थांबत नसत.

आमचं ऑफिस डहाणू रोड स्टेशनजवळच्या गवताच्या वखारीत होतं. आजूबाजूला मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताच्या गाठी रचलेल्या असत आणि एका भिंतीला कंपनीच्या लाकडी पेट्या. बोअर घेताना मशीन जमिनीतून दगडाची गोल कांडी कापून वर आणतं. तिला कोर म्हणतात. ती कांडी जशी निघाली तशी, वरचा तुकडा आधी, खालचा नंतर, पेटीच्या खाचांतून मांडून ठेवतात. साहेब रोज सकाळी पेट्या उघडत, प्रत्येक तुकडा ओल्या फडक्याने पुसत आणि भिंगातून बघत. त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेई. काळा दगड. काळा दगड, त्यात पांढरे मणी. भेगा, ओल. काळा दगड. वखारीचे हमाल येता-जाता विचारत, साहेबांचं सोनं सापडलं का. साहेब सांगत, सोनं नाही बाप्पा, तांबं, आणि तेही नाही.

मग तिथे बोअर घेतलंच का, हा प्रश्न होता. आढाव्याचं पहिलं काम त्याचं उत्तर शोधणं हे होतं.

सुरुवात हिरव्या दगडापासून झाली होती. पाड्यामागच्या टेकडीवर दगडांच्या फटींत हिरवा थर दिसे. कुणीतरी तो तांब्याचा गंज समजून मुंबईला नेऊन दाखवला. साहेबांनी तो थर नखाने खरवडून बघितला आणि ही नुसती हिरवी माती आहे, अशा काळ्या दगडांत सगळीकडे सापडते, असं सांगितलं. पण कंपनीने त्या मातीवर विसंबून बोअर घेतलं नव्हतं. तिने दोन मोजण्या करून घेतल्या होत्या.

पहिली मोजणी उन्हाळ्यात झाली. टेकडीच्या पायथ्यापासून शेतांमधून सरळ रेषा आखल्या, ठरावीक अंतरावर सागाच्या खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर पत्र्याचा नंबर मारला आणि प्रत्येक खुंटीपाशी तिपाईवर यंत्र ठेवून जमिनीचं चुंबकत्व किती ते मोजलं. दुसरी मोजणी पावसाळा संपल्यावर, दुसऱ्या माणसांनी केली. पाणी झिरपणाऱ्या मातीच्या भांड्यांत मोरचुदाचं पाणी भरून ती भांडी खुंट्यांपाशी ठेवायची, तारा जोडायच्या आणि जमिनीतल्या जमिनीत वाहणारी बारीक वीज काट्यावर वाचायची. मोरचूद घोलवडच्या वाड्यांत फवारणीला वापरतात, तेच डहाणूच्या बाजारातून आणलं होतं. दोन्ही मोजण्यांत एकाच खुंटीपाशी, सतरा नंबरच्या, आकडा एकदम चढला होता. एका जागी दोन वेगळ्या यंत्रांनी एकच खूण दाखवली, तर खाली धातू असण्याचा संभव वाढतो. म्हणून सतरा नंबरपाशी बोअर घेतलं. तिथेच तो पाइप होता.

साहेब दोन्ही नकाशे काचेवर एकावर एक ठेवून कंदिलाच्या उजेडात पाहत बसत. नकाशे बरोबर जुळत. कोरमध्ये मात्र त्या आकड्यांचं कारण सापडत नव्हतं. असं असलं तर बोअर थोडं चुकलं असेल आणि धातू बाजूला असेल, असंही म्हणता येत होतं. कंपनीला ते आवडलं असतं. पाड्यालाही.

पाड्यात मी साहेबांबरोबर प्रथम गेलो तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. पाइपपाशी बायकांची गर्दी होती. हंडा धारेखाली लावून दगडावर बसायचं आणि तो भरेपर्यंत बोलायचं, अशी रीत पडली होती. नदीवर असं बसता येत नसे. नरपडची एक कोळीण सुक्या बोंबलांची टोपली उतरवून पाणी पीत होती. आम्हाला पाहून ती मोठ्याने, पण बायकांना उद्देशून म्हणाली की कंपनीला तांबं पायजे होतं, लागलं पाणी. आमच्या घरवाल्याला पापलेट पायजे असतं, जाळ्यात लागतो चिखल. पण त्याला कोण टोपी घालून पगार देत नाय.

दगडावर बसलेली एक बाई म्हणाली, "मग त्याला पन लाव भोक पाडायला."

सगळ्या हसल्या. साहेबही हसले. ही बाई ज्या शेताच्या बांधावर पाइप होता त्या शेताची मालकीण. चाळिशीची असेल. उठली तेव्हा दिसलं की तिचा एक पाय सरळ होत नव्हता. पाइप लागण्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती नदीच्या काठावरून भरल्या हंड्यासकट घसरली होती. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तिला काठ चढता येत नव्हता. नवरा बाहेर कामाला, मुलगी लग्न होऊन उंबरगावकडे गेलेली. पाइप आला तेव्हापासून ती पुन्हा स्वतःचं पाणी स्वतः भरत होती. एका हाताने हंडा कमरेवर, दुसऱ्या हातात काठी.

तिने मला विचारलं, तुम्ही पण दगडवाले का. मी सांगितलं, मी फक्त लिहितो. यावर तिने जे विचारलं ते पुढे प्रत्येक भेटीत विचारलं.

"तांबं हाय ना, दादा?"

मी सांगितलं की ते साहेब ठरवणार. तिने मान हलवली. साहेबांना मात्र तिने कधी विचारलं नाही. त्यांना ती पाणी द्यायची.

त्यानंतर आम्ही पाड्यात बरेचदा गेलो. डहाणूहून सकाळची एस.टी., तलासरीला उतरायचं, पुढे चालत. साहेब बोअरांच्या जागा एकेक करून नकाशाशी ताडून पाहत. इतर बोअर डोंगरउतारावर होती, कोरडी, तोंडावर दगड ठेवून बंद केलेली. त्यांच्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नव्हतं. सतरा नंबरवर साहेब सर्वांत शेवटी आले.

त्या दिवशी त्यांनी टेप आणि होकायंत्र काढलं. बांधावर खुंट्या ओळीने उभ्या होत्या, नंबरांच्या क्रमाने, पत्रे नीट बसवलेले. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. साहेब पंधराच्या मागे उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी ओळ पाहिली आणि मला बोलावलं. मलाही दिसलं. ओळ सरळ नव्हती. बांध जिथे वळत होता तिथे खुंट्याही वळत होत्या. नकाशावर ती रेषा पट्टीने ओढलेली होती.

बाई आणि तिचा नवरा शेताच्या कडेला उभे होते. इथे मशीन चालू असताना नवरा त्यावर मजुरीला होता. साहेबांनी त्याला विचारलं, "हे कोणी लावलं बाप्पा इथं?"

त्याने बायकोकडे पाहिलं.

"मी लावल्या," ती म्हणाली.

तिला वाटलं साहेबांना खुंट्या नीट राहिल्याचं कौतुक वाटतंय. तिने सगळं सविस्तर सांगितलं. मी ते तिच्या शब्दांत नाही, पण तिच्या क्रमाने देतो. त्या वर्षी कूळकायद्याच्या मोजण्या चालल्या होत्या. पाड्यातल्या शेतांवरून साखळी फिरली, सरकारी माणसांनी हद्दीवर खुंट्या ठोकल्या, आणि जिथे खुंटी तिथपर्यंत जमीन ज्याची त्याची, हे सर्वांना कळलं. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या नावावर असलेलं शेत तिच्या नवऱ्याच्या नावावर झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत यंत्रवाले आले आणि त्यांनी शेताच्या मधोमध खुंट्यांची ओळ ठोकली. तिने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, हात लावायचा नाही. पण खुंटी मधोमध राहिली तर शेताचे दोन भाग होतात. उद्या कुणी येऊन म्हणायचं, ही हद्द. राब, म्हणजे रोपांच्या जागी पसरलेला पालापाचोळा, भाजायची वेळ आली, खुंट्या जळाल्या असत्या, नांगरात आल्या असत्या. तेव्हा तिने त्या एकेक करून उपटल्या आणि बांधावर नेऊन लावल्या. हद्दीची वस्तू हद्दीवर. नंबर तिला वाचता येत नव्हते. ज्या क्रमाने उपटल्या त्या क्रमाने लावल्या, म्हणजे सरकारचं काही बिघडू नये. एकही हरवली नाही, एकही जळणात घातली नाही. शेजारच्या शेतातल्या बाईने तिच्याकडच्या दोन जाळल्या, ते तिने आवर्जून सांगितलं.

"आमी कंपनीची वस्तू सांभाळली," ती म्हणाली. "तुमी लिवा तसं."

हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

साहेब बांधावर बसले. मग त्यांनी तिला, पूर्वी ओळ कुठून जात होती ते दाखवायला सांगितलं. ती काठी टेकत शेताच्या मध्यावर गेली आणि हाताने रेषा दाखवली. नक्की जागा तिला आठवत नव्हती, नांगर फिरून गेला होता. साहेब तिने दाखवलेल्या बाजूने शेत ओलांडून पलीकडच्या ओहोळात उतरले. तिथे काठाच्या मातीत काळ्या दगडाची एक उभी भिंत उघडी पडलेली होती, हाताने बांधल्यासारखी सरळ. ती शेताच्या खालून त्याच दिशेने गेलेली असणार. साहेबांनी होकायंत्र तिच्यावर धरलं. काटा उत्तर सोडून बाजूला सरकला.

वखारीत परतल्यावर त्यांनी मला ते नीट समजावलं, कारण मला ते लिहायचं होतं. उन्हाळ्यात सतरा नंबरची खुंटी शेताच्या मध्यावर होती, त्या काळ्या भिंतीवर. असा दगड चुंबकाला लागतो. म्हणून पहिला आकडा चढला. पावसाळ्यानंतर तीच खुंटी बांधावर होती, शेताच्या खालच्या अंगाला, जिथे जमिनीत भेगा आणि पाणी आहे. वाहत्या पाण्याने बारीक वीज तयार होते; म्हणून दुसरा आकडा चढला. दुसरी तुकडी आली तेव्हा गवत माणसाच्या डोक्याइतकं होतं, सरळ रेषा दिसत नव्हती, पुन्हा साखळी टाकली नाही, नंबर बघून मोजत गेले. दोन आकडे दोन वेगळ्या जागांचे होते. नंबर एक असल्यामुळे नकाशावर ते एकावर एक बसले. मशीन बांधावरच्या खुंटीपाशी लावलं आणि तिथे जे होतं तेच लागलं, पाणी.

साहेबांनी खुंट्या जुन्या जागी धरून नकाशा पुन्हा काढला. दोन्ही खुणा अलग झाल्या. एकीचं कारण काळा दगड, दुसरीचं ओल. तांब्याचं कारण उरलं नाही.

मी विचारलं, आणखी एखादी शक्यता आहे का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी का विचारतो ते त्यांना कळलं.

"शक्यता कुठं पण असते," ते म्हणाले. "पैसे लावायला सांगू, एवढी नाही."

आढावा तसाच लिहिला गेला. दुसरा लिहिता येण्यासारखा नव्हता. दोन्ही मोजण्यांचं वर्णन, खुंट्या स्थलांतरित झाल्याची माहिती, दुरुस्त केलेला नकाशा, प्रत्येक बोअरचा थोडक्यात तपशील आणि शेवटी शिफारस: जागा सोडावी. खुंट्या कोणी हलवल्या ते साहेबांनी लिहू दिलं नाही. "शेतीकामाच्या ओघात" एवढंच ठेवलं. शिफारशीच्या खाली त्यांनी स्वतःहून एक परिच्छेद घातला: सतरा नंबरच्या बोअरमधून चांगलं पाणी वाहतं, वस्तीला त्याचा उपयोग आहे, तेथील पाइप जागेवर ठेवण्याची परवानगी घ्यावी. तो मी दोनदा टाइप केला, कारण पहिल्या वेळी त्यांना तो फार आर्जवाचा वाटला. दुसरा अधिक कोरडा होता.

मुंबईहून आढावा मंजूर होऊन आला. तो परिच्छेद वगळला होता. सोबत मॅनेजरांनी लिहिलं होतं की भावना समजते, पण पाइप परमिटचा आहे. तो दुसऱ्या ठिकाणच्या कामावर दाखवायचा आहे, आणि आढाव्यात फक्त खनिजाविषयी मजकूर असावा. साहेब मुंबईला जाऊन त्यांना प्रत्यक्ष भेटले. मॅनेजर नीट बोलले, चहा दिला, पाइप दिला नाही. त्यांच्या हातात ते नव्हतंच, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

मी तलासरीच्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने मला बसवून घेतलं आणि अडचण समजावली. वस्तीला विहीर देण्याची योजना होती, तिची यादी वरून ठरे. बोअर कोणत्याच योजनेत नव्हतं. कंपनीचा पाइप सरकारने विकत घ्यायचा तर कोणत्या खात्यातून, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक असेल तो ठाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत, बसे. अर्ज करा, म्हणाला. पाड्यातल्या माणसांचे अंगठे घेऊन मी अर्ज केला. माझ्या मुक्कामात त्याचं उत्तर आलं नाही. नंतर आलं असल्यास मला माहीत नाही.

पाड्यात सांगायला साहेब स्वतः गेले. पाइपपाशीच सांगितलं. पुरुष खाली बघत ऐकत होते. एकाने विचारलं, मग टेकडीवरचं हिरवं काय. साहेबांनी सांगितलं, माती. यावर कोणी वाद घातला नाही. साहेबांच्या तोंडून खुंट्यांचा उल्लेख आला नव्हता, पण नवरा मशीनवर राहिलेला माणूस होता, त्याने त्या दिवशी बांधावर काय झालं ते जुळवलं होतं आणि घरी सांगितलं होतं. बाई पुढे आली.

"साहेब, मी खुंट्या परत मधे लावते. व्हत्या तिथं. आता भात निघालं, नांगर नाय चालायचा."

"त्यानं काय होणार बाई?"

"तुमी परत मोजा. तिथं असल तांबं."

"तिथं पण नाही."

"बगितलं?"

"बघितलं."

"मंग पयल्यांदा हाय कशाला बोललात?"

साहेबांनी हॅट काढून हातात धरली. नवरा तिला म्हणाला, चल आता. ती गेली नाही, आम्ही निघेपर्यंत तिथेच उभी राहिली. कोणीही तिला बोल लावला नाही, निदान आमच्यासमोर नाही. शेजारची, जिने दोन खुंट्या जाळल्या होत्या ती, तिच्या जवळ येऊन उभी राहिली.

पाइप काढायला मुंबईहून फोरमन आला. हा नवा माणूस होता, त्याला पाड्याचं काही माहीत नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. तिपाई उभी केली, साखळी आणि कप्पी लावली. मजूर पाड्यातलेच घेतले. बाईच्या नवऱ्याला बोलावलं, कारण मशीनच्या कामाची सवय असलेला तोच होता. तो आला. आला नसता तर दुसरा आला असता. तो साखळीवर उभा राहिला आणि सांगितलं तसं ओढत राहिला.

बायकांनी त्या सकाळी घरातलं असेल नसेल ते भांडं भरून घेतलं. हंडे, मडकी, भाजीची पातेली, ताडी काढायची गाडगी. ती सगळी पाइपपासून घरांपर्यंत ओळीने मांडलेली होती आणि मजुरांना त्यांतून वाट काढत जावं लागत होतं. फोरमनने ती हलवायला सांगितली. बायकांनी हलवली.

वरचा थर मुरमाचा होता. खालच्या कठीण दगडात भोक आपोआप उभं राहतं, वर मात्र पाइपनेच मुरूम अडवून धरलेला असतो. पाइप तुकड्यातुकड्याने वर येऊ लागला तसा आत मुरूम ढासळल्याचा आवाज येत होता. शेवटचा तुकडा निघाल्यावर तोंडापाशी गढूळ पाणी वर आलं, बांधाच्या कडेने थोडं पसरलं. नवऱ्याने फोरमनला सांगितलं, भोक बुजवू नका, आम्ही दोरीला डबा बांधून सोडून बघतो. फोरमनला हरकत नव्हती. पण पाइपच्या आट्यांत मुरूम बसला होता, तो धुतल्याशिवाय गाडीत घालता येत नव्हता. धुवायला पाणी मागितलं. बाईने स्वतःच्या मडक्यांपैकी दोन पुढे केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तिच्या हिशेबाने कंपनीची वस्तू होती.

डबा वीतभरही आत गेला नाही. नंतर काही दिवस ती जागा ओली राहिली, म्हशी तिथे येऊन उभ्या राहत. मग ओलही गेली.

साहेब कलकत्त्याला परत गेले. मी वखारीतल्या पेट्या मोजून दिल्या आणि हिशेब पुरा केला. डहाणू सोडण्याआधी एकदा पाड्यात जाऊन आलो. कामाचं कारण नव्हतं. अर्जाचं काही कळलं का, एवढं विचारायचं होतं. कळलं नव्हतं. दुपार होती. बायका नदीवर गेलेल्या. ती घराच्या ओट्यावर बसली होती आणि भोवती चार-पाच घरांची लहान पोरं होती. तसं ठरलं होतं: इतर बायका नदीला जाताना पोरं तिच्याकडे ठेवत आणि येताना प्रत्येकजण तिच्या मडक्यात थोडं थोडं पाणी ओतत असे. कोण किती ओतेल ते तिच्या बोलण्यावर नव्हतं. एक पोर तिच्या वाकड्या पायावर बसून खेळत होतं आणि ती त्याला उठवत नव्हती.

तिने मला बसायला घोंगडी टाकली. तांब्याचं विचारलं नाही. आत जाऊन तिने मडक्यात लोटा बुडवला. तो मडक्याच्या तळाला घासल्याचं बाहेर ऐकू आलं. लोटा भरलेला आणला. मी म्हटलं, मावशी, तहान नाही, येताना तलासरीला चहा घेतला. तिने लोटा पुढेच धरून ठेवला. मी दोन घोट घेऊन तो खाली ठेवला.

"सगला पी, दादा," ती म्हणाली. "तोंड लावलेलं परत मडक्यात वोतता नाय येत."

मी सगळा प्यायलो.